घाम, हवा आणि शर्ट

मुंबईत जुलै महिन्यात सकाळच्या हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी ती वीस टक्क्यांखाली उतरते. या दोन शहरांत व्यायाम करणाऱ्या दोघांना दुकानदार एकच टी-शर्ट दाखवतो आणि त्याच्या पट्टीवर एकच आश्वासन असतं : घाम ओढून अंग कोरडं ठेवणारं कापड. नागपूरकराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं ठरतं, मुंबईकराच्या बाबतीत ठरत नाही. कापडाच्या चाचण्या ज्या प्रमाणित हवेत होतात तिचं तापमान २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के धरलेली असते. आपल्याकडे तापमान २७ अंश धरतात, आर्द्रता मात्र तीच. कोकण किनाऱ्यावरचा पावसाळा या आकड्यांत बसत नाही.

हे पुस्तक त्या फरकाविषयी आहे. व्यायामाचा शर्ट घेताना आपण आधी रंग पाहतो, मग छातीवरचं चिन्ह, मग किंमत. चौकस माणूस असेल तर आतली पट्टी उलटून 'कॉटन' की 'पॉलिएस्टर' एवढं वाचतो. या संग्रहातल्या लेखकांमध्ये मतभेद पुष्कळ आहेत, पण धाग्याच्या नावापासून निवड सुरू करू नये यावर सगळ्यांचं एकमत आहे. आधी आपली हवा, मग आपला व्यायाम, मग घरातली धुण्याची रीत. कापडाचा विचार त्यानंतर. मला स्वतःला हा क्रम इतका महत्त्वाचा वाटतो की बाकी सारं विसरलं तरी चालेल, पण एवढं वाचकाने लक्षात ठेवावं.

घाम आला म्हणजे शरीर थंड झालं, असं होत नाही. घामाचं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते त्वचेची उष्णता सोबत घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. जो घाम कोपरावरून टपकून मॅटवर पडतो, तो पाणी आणि मीठ तेवढं नेतो, थंडावा जवळजवळ देतच नाही. शर्टाचं काम इथे सुरू होतं. नागपूर, जळगाव, सोलापूरच्या कोरड्या हवेत पातळ कापडाने घाम पटकन मोठ्या क्षेत्रावर पसरवला की तो लगेच उडतो आणि अंगाला गारवा लागतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीत पावसाळ्यात घाम पसरला तरी उडायला जागाच नसते, कारण हवा आधीच ओलीने भरलेली असते. तिथे कापडाच्या घाम ओढण्यापेक्षा शर्टाच्या आत खेळणारा वारा जास्त कामाचा. सैल बेत, काखेखाली मोकळी जागा, पाठीला जाळी, आणि अंगाला न चिकटणारी वीण. तिसरी हवा वातानुकूलित जिमची. तिथे दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसलं की भिजलेला सुती शर्ट पाठीला गार पडतो आणि नुकते तापलेले स्नायू आखडू लागतात. एकाच शहरात, एकाच गल्लीत, तळमजल्यावरची पंख्याची व्यायामशाळा आणि वरच्या मजल्यावरची एसी जिम यांना वेगळे शर्ट लागतात.

आपल्या तालमींना हा प्रश्न कधी पडला नाही. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत मल्ल लंगोट आणि जांघ्यावर उतरत आला. अंग उघडं, आणि घाम टिपायला लाल माती. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती कपड्याचं अर्धं काम करते. मल्लखांबालाही उघडं अंगच हवं, कारण पकड त्वचेची असते. व्यायामासाठी अंगात काहीतरी घालावं ही रीत आपल्याकडे शाळेतल्या कवायतीतून आणि इंग्रजी खेळांतून आली. ज्याच्या नावाची बाह्या नसलेली बनियन आजही घरोघरी वाळत घातलेली दिसते, तो युजेन सँडो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता, आणि त्याच्या कसरतींच्या पद्धतीचा इथल्या तरुणांवर मोठा प्रभाव पडला. त्या बनियनची रचना आजही अभ्यासावी अशी आहे : खांदे मोकळे, काख पूर्ण उघडी, शिवणी मोजक्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेसाठी याहून सोपं उत्तर अजून कुणी काढलेलं नाही, असं मी जबाबदारीने म्हणतो.

तिकडे पश्चिमेत अमेरिकेच्या नौदलाने १९१३ साली आखूड बाह्यांची सुती अंतर्बनियन खलाशांना दिली आणि तिथून टी-शर्टाचा प्रवास सुरू झाला. १९२०च्या दशकात फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त याने लांब बाह्यांचा, कडक कॉलरचा ताण्या-बाण्याच्या कापडाचा सदरा सोडून पिके विणीचा आखूड शर्ट अंगात घातला. पिकेच्या पृष्ठभागावर उंचवटे असतात, त्यामुळे कापड त्वचेला सपाट चिकटत नाही आणि मध्ये हवा राहते. धागा तोच कापसाचा होता. बदलली होती ती वीण, आणि तेवढ्याने खेळाडूच्या अंगावरचा भार हलका झाला. पुढची कित्येक दशकं धाग्याच्या गुणगानात ही साधी गोष्ट मागे पडली.

धाग्याचं युग १९४१मध्ये सुरू झालं. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणून पूर्ववत होणारा इलास्टेन धागा शोधला, जो आपण लायक्रा या नावाने ओळखतो. आपल्याकडे पॉलिएस्टर आधी टेरीन आणि टेरिकॉटच्या रूपात आलं आणि ऑफिसच्या शर्टपँटमध्ये स्थिरावलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९८२ हे वर्ष विसरता येत नाही. त्या वर्षी जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण सुती कापडाचं एक मोठं केंद्र विझत असताना शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत कृत्रिम धाग्याचं नवं केंद्र उभं राहिलं, आणि त्यानंतरच्या पिढीच्या अंगावरचं कापड बदललं. आज आपल्या जिममधले बहुतेक टी-शर्ट तिरुपूर किंवा लुधियानाच्या होजिअरीतून येतात. इचलकरंजी आणि भिवंडीचा जोर अजून ताण्या-बाण्याच्या कापडावरच आहे.

व्यायामाचा शर्ट ही स्वतंत्र वस्तू झाली ती १९८०-९०च्या दशकांत. धाग्याच्या छेदात खाचा ठेवून त्यातून घाम केशाकर्षणाने बाहेर ओढायची कल्पना बाजारात आली. १९९६ साली केव्हिन प्लँक या माजी अमेरिकन फुटबॉल खेळाडूने अंगाला घट्ट बसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या शर्टांवर अंडर आर्मर ही कंपनी उभी केली. कापूस खेळाडूचा शत्रू आहे, हा समज तेव्हापासून जगभर पसरला.

आज या क्षेत्रात मुख्य पंथ चार दिसतात. सुती पंथ सर्वांत जुना. कापूस प्रमाणित हवेत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो आणि भिजल्यावर वजनाइतकं पाणी सहज सामावतो, म्हणून तो जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. तरी वजन उचलणारे पुष्कळ लोक अजून जाड सुती टी-शर्टच घालतात, आणि त्यांचं कारण मला पटतं : मागे खांद्यावर बार ठेवला की सुती कापड सरकत नाही. पॉलिएस्टर पंथ सर्वांत मोठा. हा धागा जेमतेम ०.४ टक्के ओल धरतो. म्हणजे धागा स्वतः पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मधल्या फटींतून चालतं. त्यासाठी कापडावर पाणी ओढणारा लेप दिलेला असतो आणि स्वस्त मालात हा लेप थोड्याच धुण्यांत उतरतो; मग तोच शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा वागू लागतो. दुकानातून आणलेल्या शर्टावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो क्षणात पसरला तर लेप आहे. दहा-पंधरा धुण्यांनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, खरं उत्तर तेव्हा मिळतं.

तिसरा पंथ घट्ट, दाब देणाऱ्या कापडाचा. त्याने ताकद वाढते याचा पुरावा कच्चा आहे, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं असं काही अभ्यास सांगतात. दमट हवेत तो मला स्वतःला सोसवत नाही. चौथा पंथ मेरिनो लोकरीचा. ही लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल आत घेऊनही हाताला कोरडी लागते आणि वास फार कमी धरते. आपल्याकडे तिची किंमत आणि कसर या दोन्ही अडचणी आहेत. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी मात्र तिचा जरूर विचार करावा. याशिवाय मोडाल, व्हिस्कोज यांसारखे वनस्पतीच्या लगद्यापासूनचे धागे आहेत. 'बांबूचा शर्ट' म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा व्हिस्कोजच असतो. तसं न सांगता विकणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९मध्ये कारवाई केली होती. स्पर्शाला हे कापड फार सुखाचं, पण ओलं असताना त्याची ताकद घटते, आणि जिमचा शर्ट तर ओला असतानाच सर्वांत जास्त ताणला जातो.

वासाचा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे आणि कापडावरचे जिवाणू त्यातले घटक मोडतात तेव्हा वास तयार होतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सायकलिंगचा जोरदार व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट त्यांनी तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास जास्त तीव्र आणि नकोसा होता, आणि दुर्गंधीशी संबंधित मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिएस्टरवर विशेष वाढलेले आढळले. पॉलिएस्टरला तेलाची ओढ आहे. त्वचेचा तेलकटपणा ते धरून ठेवतं आणि साध्या धुण्यात सोडत नाही.

आता हाच अभ्यास घेऊन आपण आपल्या पावसाळ्यात येऊ. सुती शर्ट कमी वास धरतो खरा, पण जुलैत गॅलरीतल्या दोरीवर तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसरपणामुळे त्याला कुबट वास येतो. पॉलिएस्टरचा शर्ट रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी घालता येतो, पण आधीच्या घामाचा वास त्यात दबलेला असतो आणि अंग तापलं की वर येतो. म्हणजे जो धागा प्रयोगशाळेत जिंकतो तो आपल्या दोरीवर हरतो, आणि जो दोरीवर जिंकतो त्याला नाकाची परीक्षा द्यावी लागते. या पेचातून माझ्या मते दोनच वाटा आहेत. पावसाळ्यापुरते सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे, १४० ते १५० जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन असलेल्या कापडाचे) शर्ट वापरावेत, किंवा पॉलिएस्टर वापरून ते जिममधून आल्या आल्या पाण्यातून काढावेत. घामेजलेला शर्ट पिशवीत गुंडाळून ऑफिसभर ठेवणं हेच वासाचं सर्वांत मोठं कारण आहे. चांदीचे कण लावलेले 'दुर्गंधीरोधक' शर्ट या पेचावरचा उपाय म्हणून विकले जातात, पण तो परिणाम धुण्यागणिक ओसरत जातो.

टिकाऊपणाचा विचार करताना शर्ट कुठे मरतो हे पाहावं. खांद्यामागे, जिथे बारची खरखरीत पकड घासते. पाठीवर, जिथे बेंचचं रेक्झिन घामाने चिकटतं. कमरेशी, जिथे वजनाच्या पट्ट्याचा वेल्क्रो कापडाचे धागे ओढतो. पातळ जाळीच्या शर्टाचा सर्वांत मोठा वैरी हा वेल्क्रो. आणि काखेत, जिथे शिवण उसवते. बार उचलणाऱ्याने म्हणूनच पाठीला जाळी असलेला शर्ट टाळावा आणि १८० जीएसएमच्या वरचं घट्ट विणीचं कापड घ्यावं. धावणाऱ्याला १२०-१३० पुरेसं. शर्ट उलटा करून शिवणी पाहाव्यात. सपाट फ्लॅटलॉक शिवण त्वचेला घासत नाही, साध्या ओव्हरलॉकची उभी कड लांब व्यायामात काख सोलते. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी लावलेली असेल तर शर्ट खांद्यावर लोंबत नाही. काखेत चौकोनी तुकडा जोडलेला असेल, किंवा गळ्यापासून तिरकी जाणारी रॅग्लन बाही असेल, तर हात वर करताना ताण शिवणीवर एकवटत नाही.

सिंगल जर्सीच्या, म्हणजे एकेरी विणीच्या, स्वस्त टी-शर्टांची बाजूची शिवण काही धुण्यांनंतर पिळवटून पोटावर येते. धाग्याला दिलेला पीळ सुटू पाहतो आणि सगळं कापड सोबत फिरवतो, म्हणून हे होतं. एकदा सुरू झालं की त्यावर उपाय नाही. खरेदीच्या वेळी शर्ट सपाट पसरून दोन्ही शिवणी सरळ खाली जातात का, ते बघण्यावाचून ग्राहकाच्या हातात काही नसतं. कापड आडवं ताणून सोडावं. ते लगेच जागेवर आलं नाही तर गुडघे निघालेल्या पँटसारखी त्या शर्टाची कोपरं आणि गळा होणार. ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं उभं राहू नये. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खाली बसून उठावं. पोट उघडं पडत असेल तर माप चुकलं आहे, कंबर कितीही बरोबर बसो.

आपल्या घरांतली धुण्याची रीत हा या पुस्तकातला, माझ्या दृष्टीने, सर्वांत मोलाचा भाग. परदेशी पट्टीवर थंड पाणी, हलकं यंत्र, सावलीत वाळवणं असं लिहिलेलं असतं. इथे शर्ट दगडावर आपटला जातो, काखेत ब्रश फिरतो, आणि पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं जड पाणी येतं. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर कापडात बसतो, आणि घाम ओढणाऱ्या फटी बुजतात. फॅब्रिक सॉफ्टनर तेच काम आणखी नेटाने करतो; व्यायामाच्या कपड्यांना तो कधीही लावू नये. ब्लीच आणि कडक ऊन इलास्टेनला लवकर मारतात. शर्ट उलटा करून धुणं, साबण कमी घालणं आणि एकदा जास्त खळबळून काढणं, एवढ्या तीन सवयींनी मध्यम प्रतीचा शर्टही पुष्कळ टिकतो.

स्त्रियांच्या कपड्यांकडे या क्षेत्राने उशिरा पाहिलं. धावताना छातीला आधार देणारी पहिली ब्रा अमेरिकेत १९७७ साली तयार झाली, तीही तीन स्त्रियांनी स्वतःच्या गरजेपोटी शिवलेली. तोवर आधुनिक खेळांची दीर्घ परंपरा उभी होती. आजही आपल्याकडे तालुक्याच्या जिममध्ये येणाऱ्या कितीतरी जणी भावाचा किंवा नवऱ्याचा सैल सुती टी-शर्ट घालून येतात. खांदे उतरलेले, गळा मोठा, वाकलं की पुढे लोंबणारा, भिजल्यावर आरपार दिसणारा. 'युनिसेक्स' म्हणून विकला जाणारा शर्ट मुळात पुरुषी मापावर बेतलेला असतो. लांब, कमरेपर्यंत फट असलेला, गडद रंगाचा किंवा दुहेरी विणीचा शर्ट ही साधी गरज आहे, आणि ती पुरवणारे शिवणकार आपल्याच गावात सापडू शकतात, हे या संग्रहात दोन लेखिकांनी मापांसकट दाखवलं आहे.

आत्ताच हे पुस्तक का, याची कारणं रस्त्यावर दिसतात. पहाटे कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी बाहेर पडा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटरचा सराव करताना दिसतील. अंगात अकादमीच्या नावाचा छापील पॉलिएस्टर टी-शर्ट. छपाईचा रबरासारखा जाड थर छातीभर पसरलेला असतो आणि नेमक्या त्या जागेतून घाम बाहेर पडत नाही. या मुलांकडे असे दोनच शर्ट असतात आणि ते वर्षभर रोज घासले जातात. चुकीच्या कापडाची किंमत सर्वांत जास्त तेच मोजतात, आणि त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेलं जवळजवळ काही नाही. दुसरं कारण पाण्याशी निगडित आहे. कृत्रिम कापड धुताना सूक्ष्म तंतू सुटून सांडपाण्यात जातात. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०१७च्या अहवालानुसार समुद्रात थेट सूक्ष्म रूपात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कपडे धुण्यातून येतं. शहरात दर रविवारी कुठली ना कुठली दौड असते आणि प्रत्येकीत एक पॉलिएस्टरचा टी-शर्ट वाटला जातो. तो कपाटात साठतो, किंवा फरशी पुसायला जातो. जास्त टिकणारे कमी शर्ट घेणं हा या दोन्ही प्रश्नांना एकत्र भिडणारा मार्ग आहे.

या संग्रहात कंपन्यांची क्रमवारी नाही. नमुने दर हंगामात बदलतात आणि आज चांगला ठरलेला शर्ट पुढच्या वर्षी त्याच नावाने वेगळ्या कापडात येतो, म्हणून तो मोह मुद्दाम टाळला. कापड-अभियंते, होजिअरीतले कटिंग मास्टर, प्रशिक्षक, शिंपी आणि धोबी अशा वेगवेगळ्या हातांनी इथे लिहिलं आहे. त्यांची मतं जुळावीत असा प्रयत्न संपादकांनी केलेला नाही. सुती पंथाच्या लेखानंतर लगेच त्याचं खंडन येतं, आणि वाचकाने दोन्ही वाचून आपल्या हवेशी ताडून पाहावं अशी अपेक्षा आहे. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर तो कुठल्या हवामानाला धरून लिहिला आहे ते दिलं आहे : किनारा, घाट, पठार, विदर्भ, किंवा वातानुकूलित खोली.

पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं जोडली आहेत. नवा शर्ट आणल्यावर तो धुण्याआधी त्याची लांबी, छातीची रुंदी आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन तिथे लिहावं, पाण्याच्या थेंबाची परीक्षाही घ्यावी. पाचव्या धुण्यानंतर तेच सारं पुन्हा मोजावं, आणि मग पंधराव्या. एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात अशा नोंदी झाल्या की पुढचा शर्ट घेताना पट्टीवरच्या मजकुराआधी स्वतःच्या अक्षरातलं पान उघडून बघता येईल.